पिशवीला कव्हर शिवताय? मग बंदांपर्यंत शिवा

दुकानांच्या मोठमोठ्या लोगोवाल्या पिशव्या घेऊन फुकटात कोणाची तरी जाहिरात करत फिरायचा मला कंटाळा आला आणि एका दुपारी मशीन काढून बसले. तेव्हापासून सात-आठ पिशव्यांना कापडी कव्हर घालून झालीत, त्यातल्या पहिल्या दोन सरळ वाया गेल्या, त्यामुळे आता थोडं बोलायचा हक्क मिळालाय असं समजते 😄

मुळात या पिशव्या हाताला कापडासारख्या लागतात पण असतात प्लास्टिकच, पॉलिप्रोपिलीन. विणलेल्या नसतात (म्हणूनच त्यांना नॉन-वोवन म्हणतात), तंतू गरम करून एकमेकांना चिकटवलेले असतात. म्हणून टाचणी टोचली की भोक कायमचं राहतं, उसवून परत शिवलं की जुन्या भोकांची रांग तशीच दिसते. टाचण्यांऐवजी कपडे वाळत घालायचे चिमटे लावा, मस्त काम करतात. आणि इस्त्री! पॉलिप्रोपिलीन 160 डिग्रीच्या आसपास वितळतं आणि सुतीची इस्त्री त्याच्या वर जाते. माझी पहिली पिशवी अशीच इस्त्रीला चिकटली, नंतर इस्त्री खरवडत बसले ते वेगळंच. कापडाला आधीच इस्त्री करून घ्यायची, पिशवीला लावल्यावर अजिबात नाही.

दुसरी पिशवी बारीक टाक्याने गेली. मला वाटलं टाका जितका बारीक तितकी शिवण पक्की, पण इथे उलटं होतं, जवळजवळ भोकं पडली की तिकीट फाडतो तशी पिशवी शिवणीवरच फाटते. आता 3 ते साडेतीन मिमीचा टाका ठेवते आणि जीन्सची सुई लावते. चकचकीत लॅमिनेशनवाली असेल तर ती मशीनच्या फूटखाली सरकतच नाही, मग वर पातळ कागद ठेवून शिवायचं आणि नंतर कागद फाडून काढायचा.

आता खरा मुद्दा. बहुतेक जण कापड पिशवीच्या वरच्या काठाला शिवतात आणि झालं म्हणतात. दिसायला छान, पण वजन अजून त्या जुन्या प्लास्टिकवरच, ही नुसती रंगरंगोटी झाली. पिशवी फाटते कुठे? बंद जिथे जोडलाय तिथे. म्हणून बंद उसवून घ्या, कापड आणि पिशवी दोन्हीतून चौकोन आणि मध्ये फुली अशी शिवण मारा, जमलं तर कापडाचा एकच लांब पट्टा तळाखालून फिरवून दोन्ही बाजूंना बंद म्हणून वर काढा. वेळ दुप्पट जातो, मान्य, पण कव्हरचा उपयोग तेव्हाच.

आणि प्लीज, यासाठी नवीन कापड विकत आणू नका. ब्रिटनच्या एन्व्हायर्नमेंट एजन्सीचा 2011 चा अभ्यास आहे, त्यात एकदाच वापरून टाकलेल्या साध्या पातळ प्लास्टिकच्या पिशवीशी हवामानाच्या हिशोबात बरोबरी करायला नॉन-वोवन पिशवी 11 वेळा आणि सुती पिशवी 131 वेळा वापरावी लागते असं निघालं. म्हणजे नवीन सुती कापड आणून प्लास्टिकवर चढवायचं तर दोघींचा हिशोब आपल्याच डोक्यावर! जुनी चादर, पडदा, मांडीवर विरलेली पण पोटरीला धडधाकट असलेली जीन्स, यातलं काहीही चालतं. फिकट कापडातून लोगो डोकावतो हे मात्र लक्षात ठेवा, माझ्या एका पिशवीवर फुलांच्या मागे लाल अक्षरं अजून दिसतात, जवळून बघितलं तर वाचताही येतात.

आणि हो, पिशवी गाडीत किंवा खिडकीत उन्हात पडून असेल तर आधी ती चुरगाळून बघा. उन्हाने ती ठिसूळ होते, बोटांना भुगा लागला तर तिच्यावर कापड चढवण्यात अर्थ नाही. मी अशी एक सगळी उसवली, तुकडे चादरीवर ठेवून खडूने आखले, कापले आणि शिवले. शिवून झाल्यावर बघते तर जुन्या पिशवीतलं काहीच उरलं नव्हतं, फक्त माप.