गाडी वर, जीव टांगणीला

जॅक लावायचा, आधाराची घोडी सरकवायची, पाठीखाली पुठ्ठा टाकायचा आणि गाडीखाली सरपटत शिरायचं. काही वर्षं हा उद्योग केलेल्या माणसाला एके दिवशी गाडी उचलणाऱ्या लिफ्टचे डोहाळे लागतात. मग तो रात्र रात्र माहितीपत्रकं चाळतो: किती टन उचलते, किती सेकंदांत उचलते, लाल घ्यावी की निळी. माझं म्हणणं एवढंच की यातला एकही प्रश्न आधी विचारायचा नसतो. कुठली लिफ्ट मावणार हे छत ठरवतं, ती उभी राहणार की नाही हे जमीन ठरवते, आणि मालकाच्या हातात उरतो तो रंग.

छतापासून सुरुवात करू, कारण तिथे हुज्जत चालत नाही. गाडीखाली ताठ उभं राहायचं तर गाडीचं पोट जमिनीपासून निदान १.८ मीटरवर हवं. साध्या सेडानची उंची १.५ मीटरच्या आसपास. म्हणजे झाले ३.३, आणि वर थोडी हवा खेळायला सोडली की ३.४ मीटर. उंच एसयूव्ही असेल तर ३.७. घरगुती गॅरेजचं छत मात्र बरेचदा २.४ ते २.७ मीटरवर संपतं. २.७ मीटरच्या छताखाली सेडान फार तर १.१ मीटर वर जाईल. एवढ्या उंचीवर चाकाच्या स्टुलावर बसून ब्रेक, क्लच, सायलेन्सर सगळं करता येतं, आणि बसून काम करण्यात काही कमीपणा नाही. पण लिफ्टच्या जाहिरातीतला तो हात कमरेवर ठेवून गाडीखाली उभा असलेला, मान वर करून हसणारा माणूस आपण होणार नाही, हे आधीच मनाला समजावलेलं बरं.

मोजताना टेप थेट छताला लावू नका. छताच्या खाली जे जे लोंबतंय त्यातल्या सगळ्यात खालच्या वस्तूला लावा: तुळई, ट्यूबलाइट, पंखा, दाराची मोटर. सगळ्यात मोठा घात करतं ते वर सरकत जाणारं गॅरेजचं दार. उघडल्यावर ते आडवं होऊन नेमकं गाडीच्या टपावर येऊन थांबतं. त्याची रुळपट्टी उचलून छताला भिडवता येते आणि मोटर मधून काढून बाजूच्या दांड्यावर बसवता येते. हा खर्च लिफ्टच्या हिशेबात कुणीच धरत नाही. शिवाय बॉनेट आणि डिकी उघडल्यावर गाडी आणखी उंच होते. डिकी उघडी ठेवून बटण दाबणाऱ्याला हे गणित लगेच पटतं.

आता प्रकार. टू-पोस्ट म्हणजे दोन खांबांच्या लिफ्टचे चार हात गाडी चासीला, म्हणजे खालच्या सांगाड्याला, धरून उचलतात आणि चारही चाकं मोकळी लोंबतात. ब्रेक, सस्पेन्शन, गिअरबॉक्स अशा खऱ्या कामाला हिच्यासारखी दुसरी नाही. हिच्यातही दोन जाती. एकीत दोन्ही खांबांना जोडणारी तुळई वरून जाते, जमीन मोकळी राहते, पण खांब साडेतीन मीटरच्या वर जातात. दुसरीत केबल आणि तेलाचा पाइप जमिनीवरच्या पोलादी पट्टीखालून जातात. खांब २.८ मीटरच्या आसपास आटोपतात, पण त्या पट्टीला ट्रॉली जॅकचं चाक अडतं आणि पायाचा अंगठाही. ठेंगण्या छताला मात्र हीच चालते.

खांब कसे उभे आहेत हेही पाहायचं. सिमेट्रिक प्रकारात ते समोरासमोर असतात, वजन मध्यभागी येतं आणि गाडीचं दार बरोबर खांबावर आपटतं. उतरताना पोट आत घेऊन बाहेर पडावं लागतं. ज्यांना ते आत घेता येत नाही त्यांनी खिडकीचा विचार करावा. असिमेट्रिकमध्ये खांब साधारण ३० अंशांत वळवलेले, पुढचे हात आखूड, मागचे लांब. गाडी जरा मागे उभी राहते आणि दार उघडतं. घरच्या गाड्यांना हाच प्रकार बरा.

फोर-पोस्टमध्ये, म्हणजे चार खांबांच्या लिफ्टमध्ये, गाडी दोन पट्ट्यांवर आपल्याच टायरांवर उभी असते. तेल बदलायला छान, आणि एकावर एक गाड्या ठेवायला तर याच्याइतकी सोय नाही. गणित सोपं: खालच्या गाडीची उंची, अधिक पट्टीची जाडी १५ सेंटीमीटर, अधिक वरच्या गाडीची उंची, अधिक वितभर मोकळी जागा. दोन सेडान ३.३ मीटरांत बसतात. चाक काढायचं मात्र झालं तर दोन पट्ट्यांच्या मधे सरकणारा जॅक वेगळा घ्यावा लागतो. पट्ट्यांमधले तेलाचे ट्रे नसतील, तर वरच्या गाडीची सगळी गळती खालच्या गाडीच्या टपावर नोंदवली जाते. आणि वरची गाडी हवी असते तेव्हा खालची आधी बाहेर काढावी लागते, तिची चावी घरातल्या दुसऱ्या माणसाकडे असते आणि तो माणूस झोपलेला असतो.

सिझर लिफ्टबद्दल एवढंच: मध्यम उंचीची असेल तर मीटर-सव्वा मीटर उचलते, जागा कमी खाते, टायरच्या कामाला उत्तम. पण तिची कात्री बरोबर गाडीच्या मधोमध उभी असते. गिअरबॉक्स आणि सायलेन्सरही तिथेच असतात.

क्षमतेबद्दल लोक उगाच छाती फुगवतात. ४ टनांची टू-पोस्ट म्हणजे प्रत्येक हाताला १ टन. पुढे इंजिन आणि पुढचीच चाकं ओढणारी, अशा गाडीचं साठेक टक्के वजन पुढे असतं; २ टनांच्या गाडीत पुढच्या प्रत्येक हातावर सहाशे किलो. हे आरामात झेपतं. इलेक्ट्रिक गाडी मात्र बॅटरीमुळे जड, आणि तिचं पोट म्हणजे बॅटरीच. तिथे हात टेकवायच्या जागा कंपनीने आखून दिलेल्या असतात. त्याबाहेर सूतभरही जायचं नाही. लिफ्टवर अमेरिकेतल्या एएलआय या लिफ्ट-उत्पादकांच्या संस्थेच्या प्रमाणीकरणाचं लेबल आहे का, किंवा ती युरोपच्या ईएन १४९३ या मानकाप्रमाणे तपासलेली आहे का, हे बघा. ‘निकषांनुसार बनवलेली’ असं नुसतं छापलेलं असेल तर त्याचा अर्थ एवढाच की बनवणाऱ्याने निकष वाचले आहेत.

आता जमीन. खरी गोम इथे आहे. टू-पोस्टचे हात आत गाडीखाली पसरलेले असतात, त्यामुळे सगळं ओझं खांबांना आतल्या बाजूला ओढत असतं. खांबाच्या पायाची बाहेरची कड उचलली जायला बघते आणि तिला धरून ठेवतात ते बाहेरच्या बाजूचे दोन-तीन अँकर बोल्ट. त्या बोल्टांना धरून ठेवतं काँक्रीट. म्हणजे दोन टनांची गाडी, तिच्याखाली आपण, आणि आपल्या भवितव्याचा कारभार पाहणारं चार इंच काँक्रीट, जे ओतलं गेलं तेव्हा आपण तिथे नव्हतो.

बहुतेक कंपन्या निदान १०० ते ११० मिलिमीटर जाडीचं, ३००० पीएसआय म्हणजे साधारण २१ मेगापास्कल ताकदीचं, भेग नसलेलं काँक्रीट मागतात. ‘आमचं चांगलं जाड आहे’ हे उत्तर चालत नाही. १२ मिलिमीटरचं भोक आरपार पाडा, तारेचं टोक काटकोनात वाकवून आत सोडा, काँक्रीटच्या खालच्या कडेला अडकवा, तारेवर जमिनीच्या पातळीला चिमटीत धरा आणि बाहेर काढून मोजा. खांब येणार त्या दोन्ही जागी हे करा, कारण गवंड्याने कडेला जाडी दाखवून मध्ये हात आखडता घेतलेला असू शकतो. वरची फरशी, तिच्याखालचा मसाला, कोबा यातलं काहीच या जाडीत धरायचं नाही. फरशीवरून बोल्ट ठोकला तर तो फरशीलाच घट्ट धरून बसतो. भेग आणि काँक्रीटची कड यांच्यापासून बोल्ट निदान १५ सेंटीमीटर लांब हवा. काँक्रीटमध्ये ताणलेल्या पोलादी दोऱ्या किंवा गरम पाण्याचे पाइप असतील तर ते कुठून जातात हे कळेपर्यंत ड्रिलला हात लावू नका. ताणलेली दोरी तुटली तर ती माणूस बघत नाही.

जाडी कमी निघाली तर तो भाग कापून काढायचा, जुन्या काँक्रीटमध्ये सळया अडकवायच्या आणि खांबाखाली सव्वा मीटर चौरसाची नवी गादी भरायची, जाडी लिफ्टची पुस्तिका सांगेल तेवढी. मग २८ दिवस पाणी मारत थांबायचं. या २८ दिवसांत मालक दररोज गॅरेजात जाऊन काँक्रीटवर टाच आपटून बघतो. काँक्रीटला त्याने काही फरक पडत नाही.

लिफ्ट घरी येते तो दिवस वेगळाच. माल ६०० ते ९०० किलोंचा, दोन्ही खांब एकमेकांत बसवून पोलादी पट्ट्यांनी आवळलेले. ट्रकवाल्याची जबाबदारी ट्रकच्या कडेला संपते, आणि ही बातमी तो पोचल्यावरच देतो. फोर्कलिफ्ट किंवा इंजिन उचलायची क्रेन आधी ठरवून ठेवा. चार धडधाकट मित्र हा त्याला पर्याय नाही. फार तर तो मैत्री तपासायचा मार्ग आहे. पट्ट्या कापण्याआधी वरचा खांब क्रेनला बांधा. पट्टी तुटताक्षणी तो निसटतो आणि त्याच्याखाली हमखास कुणाचा तरी पाय असतो.

जागा आखायला खडूची दोरी घ्या, दोन्ही कर्ण मोजा, ते सारखे आले तरच चौकोन खरा. गाडी वर असताना दार बंद होतं का, पुढे टूलबॉक्स मावतो का, हे आत्ताच बघा. मग एक खांब उभा करा आणि त्याच्या पायातल्या भोकांनाच फर्मा समजून ड्रिल चालवा. पाऊण इंची बोल्टला पाऊण इंचीच बिट, आणि ड्रिल हॅमरवालाच. भोक शक्यतो आरपार न्या. बोल्ट बिघडला तर तो खाली ठोकून तिथेच गाडता येतो. आता धूळ. ही बारीक भुकटी भोकात राहिली तर बोल्टची पकड काँक्रीटवर बसतच नाही. आधी ब्रश, मग हवेची फुंकर, मग पुन्हा ब्रश. हवा मारताना भोकावर तोंड धरून बघू नका, हे सांगावं लागतं. बोल्ट ठोकण्याआधी नट त्याच्या डोक्याबरोबर येईल इतका फिरवून ठेवा, नाहीतर हातोड्याने आटे चेपतात आणि मग नट जन्मात बसत नाही.

ओळंबा लावून खांब दोन्ही बाजूंनी सरळ आहे का पाहा. गॅरेजच्या जमिनीला पाणी जायला दाराकडे उतार असतोच. खांबाच्या पायाखाली, बोल्टला खेटून, पोलादी चकत्या सारा, पण अर्ध्या इंचापेक्षा जास्त नाही. लाकडाची चीप, नाणं, जुना वायसर यांना इथे मज्जाव आहे. मग टॉर्क पान्याने, म्हणजे ठरवलेला जोर गाठला की आवाज देणाऱ्या पान्याने, पुस्तिकेतल्या आकड्यापर्यंत आवळा. पाना टक्‌ होण्याआधी बोल्ट जागच्या जागी फिरायला लागला तर तो गेला. ‘बराच घट्ट वाटतोय’ हे मोजमाप इथे लागू नाही.

लिफ्टच्या मोटरला स्वतंत्र वायर आणि स्वतंत्र एमसीबी. साध्या बारीक एक्स्टेन्शनवर चालवली तर व्होल्टेज पडतो, मोटर नुसती गुणगुणते, तापते आणि शेवटी कपॅसिटर घेऊन जाते. तेल आयएसओ ३२ किंवा ४६ दाटपणाचं हायड्रॉलिक, टू-पोस्टला साधारण १० ते १५ लिटर, आणि भरायचं लिफ्ट पूर्ण खाली असताना. वर असताना टाकी काठोकाठ भरली तर खाली येताना ते तेल टाकीत मावत नाही, भिंतीवर मावतं.

सगळ्यांत जास्त गोंधळ टेफ्लॉन टेप घालते. आपल्याला नळाची सवय, आटा दिसला की हात टेपकडे जातो. पण पाइपाच्या टोकांना जे शंकूसारखे फ्लेअर जोड असतात ते धातूवर धातू बसून बंद होतात, त्यांना टेप लागत नाही. टेप गुंडाळली की तिचा एखादा तुकडा तेलाबरोबर उतरणीच्या झडपेत जाऊन बसतो. मग झडप पुरती मिटत नाही आणि गाडी कुणी न सांगता हळूहळू खाली येऊ लागते. लोक सिलिंडरला दोष देतात, नवीन सील मागवतात. दोष दोन मिलिमीटरच्या पांढऱ्या चिंधीचा असतो.

पहिल्यांदा गाडी न चढवता लिफ्ट पाच-सहा वेळा पूर्ण वर-खाली करा. आत अडकलेली हवा निघेपर्यंत ती धक्के देत चालते. दोन्ही बाजू बरोबरीने चालवणाऱ्या केबल सारख्या ताणा आणि कान द्या. वर जाताना दोन्ही खांबांतले, गाडीला खाली येण्यापासून अडवणारे खटके एकदम ‘टक्‌’ वाजले पाहिजेत. ‘टक्‌... टक्‌’ ऐकू आलं तर एक केबल सैल आहे आणि गाडी तिरकी चढणार. वर पोचल्यावर गाडी तेलाच्या दाबावर टांगून ठेवायची नाही. जरा खाली सोडून दोन्ही खटक्यांवर टेकवायची, आणि मगच तिच्याखाली जायचं.

गाडी चढवताना हात उत्पादकाने सांगितलेल्या जागीच लावा. ती वीतभर उचला, थांबा, बंपरला धरून चांगली हलवा. हलायचं असेल तर तिने तिथेच हलावं. इंजिन किंवा गिअरबॉक्स काढणार असाल तर तोल दुसऱ्या टोकाला जातो. त्या टोकाला आधी उंच स्टँड लावा. आणि पहिल्या काही आठवड्यांत अँकर बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा तपासा, ते बसतात आणि थोडे सैलावतात.

उतरवताना आधी थोडं वर न्यायचं, दोन्ही खटके सुटले हे डोळ्यांनी बघायचं, मग झडप. एकच खटका सुटला तर एक बाजू उतरते आणि दुसरी अडून बसते. झडप दाबण्याआधी खाली वाकून स्टूल, तेलाचा टब, दिवा, शिडी यांची हजेरी घ्यायची. स्टुलाची तर लिफ्टशी जुनी दुश्मनी असावी. चाकं टेकली, लिफ्ट तळाला गेली, की चारही हात गाडीखालून पूर्ण बाहेर फिरवायचे आणि चारही मोजायचे. तीन मोजून गाडी मागे घेतली तर चौथा स्वतःची ओळख करून देतो.