मधुमेहाचं प्रशिक्षण, गोडीगुलाबीने

सातारा जिल्ह्यातल्या आशाताई, नर्स आणि समुदाय आरोग्य अधिकारी यांना मधुमेहाचं प्रशिक्षण देण्याचं काम तुमच्या गळ्यात पडलंय का? अजिबात घाबरू नका. रोग जन्माचा सोबती असला तरी प्रशिक्षण एका दिवसात उरकतं.

तारीख १४ नोव्हेंबरच धरा. इन्सुलिनच्या शोधातले फ्रेडरिक बँटिंग त्या दिवशी जन्मले, म्हणून तो जागतिक मधुमेह दिन. पण सूत्रसंचालकाला हे सांगत बसू नका. तो बालदिनाचं जुनं निवेदन वाचेल आणि हार तरी वाया जाणार नाही.

वेळ साडेनऊची छापा. पाटण खोऱ्यातल्या बायका पहिली एसटी धरून वेळेवर येतील, पाहुणे साडेअकराला येतील. मधल्या वेळात नाश्ता. शिरा हवाच. पाहुण्यांच्या सत्काराला कंदी पेढे, साताऱ्यात दुसरं काही देणं बरं दिसत नाही. चहा एकाच पातेल्यातला, साखर आधीच ओतलेली. एखादीने बिनसाखरेचा मागितला तर चारचौघांत मोठ्याने विचारा, "अगंबाई, तुम्हालाही आहे का?" म्हणजे दुपारच्या चहाला ती निमूट गोड चहा पिईल.

व्याख्याता पुण्याचा आणि स्लाइड इंग्रजीत असाव्यात. सुरुवात देशापासून करा: आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार भारतात १०.१ कोटी मधुमेही. आकडा ऐकून सभागृह गंभीर झालं की आहाराकडे वळा. ऑलिव्ह तेल, अ‍ॅव्होकॅडो, ओट्स. माणमधल्या बाजरीच्या भाकरीचं काय, असं कुणी विचारलं तर "प्रमाणात खावी" म्हणा. हे उत्तर कुठल्याही प्रश्नाला चालतं. सकाळी साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी घेऊन चंद्रोदयापर्यंत संकष्टी धरणाऱ्या आजीचा विषय मात्र काढू नका. त्यात रक्तातली साखर ७० च्या खाली जाणं, घाम, थरथर, पंधरा ग्रॅम साखर देऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणं, आणि मुळात उपासाच्या दिवशी गोळीचं काय करायचं ते डॉक्टरांना आधीच विचारून ठेवणं, असं सगळं येतं. जेवणाची वेळ टळेल.

आशाताईंना तपासणीचा फॉर्म शिकवायचाच आहे. वय तीसच्या पुढे असेल त्या प्रत्येकाच्या कंबरेचा घेर मोजायचा, हे पडद्यावर फार सोपं दिसतं. गावात ज्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, त्या मामंजींच्या कंबरेला सून लागणाऱ्या बाईने टेप कसा लावायचा, हे पुण्याच्या व्याख्यात्याला विचारणं बरं नव्हे. ती अंदाजाने लिहिते. सगळ्या आळीच्या कंबरा सारख्या निघाल्या तर त्याला माहितीतली सुसूत्रता म्हणा.

आता इन्सुलिन. याची एक स्लाइड पुरे: बाटली, बाण, पोट. खरी बाटली आणि खरी सिरिंज सभागृहात आणू नका, कारण हातात घेतली की बायका वाचायला लागतात. आपल्याकडे बाटली बहुतेक वेळा ४० युनिटची, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट, तिची सिरिंज लाल टोपणाची. १०० युनिटची सिरिंज नारंगी टोपणाची. ४० च्या बाटलीतलं औषध नारंगी सिरिंजमध्ये वीसच्या रेघेपर्यंत भरलं तर पोटात आठच युनिट जातात. उलट, १०० चं औषध लाल सिरिंजमध्ये वीसपर्यंत भरलं तर पन्नास जातात आणि म्हातारा रात्रीतून बेशुद्ध पडतो. एवढं शिकवायला बाटलीभर पाणी, दोन सिरिंजा आणि वीस मिनिटं लागतात. तेवढा वेळ आभारप्रदर्शनाला राखून ठेवलेला असतो, तेव्हा नाइलाज आहे.

पाय तपासण्याचंही तसंच. तळव्याला स्पर्श कळतो का ते बघायचा दहा ग्रॅमचा तो नायलॉनचा धागा, मोनोफिलामेंट, पडद्यावर दाखवा. कुणाच्या तळव्याला टेकवू नका. उसाच्या फडात पाचटावरून अनवाणी चालणारा माणूस, "बाई, काय टोचलं त्ये कळलंच न्हाई," म्हणतो तेव्हा त्याला चप्पल काढायला सांगून, खाली वाकून, बोटांच्या बेचक्यात बघावं लागतं. खुर्चीत बसलेल्या माणसाला खुर्चीत बसलेल्या माणसाचा तळवा दिसत नाही, हा आपल्या आरोग्यसेवेतला एक जुना पेच आहे. त्यापेक्षा "पायांची काळजी घ्या" असा रंगीत फलक भिंतीला लावा. पाय जमिनीवर असतात, फलक डोळ्यांसमोर असतो.

रुग्णाला बोलवू नका, हे राहिलंच. रुग्ण आला की बोलतो. तो सांगतो की तपासणीच्या आधी दोन दिवस भात सोडतो, मग "उपाशीपोटीची साखर कशी झ्याक आली" म्हणून खूश होतो. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी त्याला कुणी समजावलेली नसते. घरात स्वयंपाक सून करते आणि तिला आजवर कुणी काही विचारलेलं नाही, हेही तो सांगतो. शेजाऱ्याने दिलेल्या 'इन्सुलिनच्या झाडाची' पानं चावून इंजेक्शन बंद केलंय, हे तो सगळ्यात शेवटी सांगतो. यावर सिस्टरने काय बोलायचं, कुठल्या आवाजात बोलायचं, हे स्लाइडमध्ये बसत नाही. सिस्टरला एवढंच शिकवा: "गोड खाऊ नका म्हटलं होतं ना?" या वाक्याला समुपदेशन म्हणतात आणि ते रजिस्टरमध्ये लिहिता येतं.

शेवटी चाचणी. प्रश्न सकाळचेच ठेवा, उत्तरं व्याख्यात्याला मोठ्याने वाचू द्या. सगळ्या उत्तीर्ण, सगळ्यांना प्रमाणपत्र, एक गटछायाचित्र. अहवालात 'प्रशिक्षित' या रकान्यात उपस्थितीचाच आकडा भरा.

चार दिवसांनी एखादी सिस्टर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारेल, "सर, लाल टोपणाच्या संपल्या, नारंगी आल्यात. पेशंट समोर बसलाय. किती भरू?" तिला अंगठा पाठवा, आणि खाली लिहा की या ग्रुपवर फक्त अहवाल व छायाचित्रे टाकावीत.