मालकाचं उत्तर: "दहा मिनिटांचं काम, अकरा दिवस लावले"

नमस्कार दादा,

तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंत की 25 जुलैला माझ्याकडे इंजिन दुरुस्तीला दिलेली बोट 4 ऑगस्टला मिळाली, बिल 9,650 झालं, आणि सुवर्णदुर्ग मागे पडतो न पडतो तोच इंजिनाची रेस पुन्हा खालीवर व्हायला लागली. मग दुसऱ्या मिस्त्रीने दहा मिनिटांत एक वायसर (डिझेलच्या नळीच्या जोडात बसते ती चकती) बदलला आणि इंजिन सरळ झालं. तुमची फेरी फुकट गेली, डिझेल, बर्फ, खलाशांची मजुरी सगळं अंगावर पडलं, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. माझे वडील तांडेल, म्हणजे बोट चालवणारे म्होरके होते. भर पाण्यात इंजिन धापा टाकायला लागलं की माणसाच्या पोटात काय होतं ते मी लहानपणापासून ऐकत आलोय.

पण "दहा मिनिटांत" हे वाचल्यापासून जेवण गोड लागत नाही. पाजपंढरीपासून अंजर्ल्यापर्यंत ज्यांच्या बोटींवर माझं घर चालतं ते सगळे हे वाचणार. म्हणून त्या वायसरचं सविस्तर सांगतो.

बोट आली तेव्हा इंजिन पांढरा धूर टाकत होतं आणि स्लोवर फेऱ्यांचा काटा 600 ते 900 हेलकावे खात होता. धुरामुळे मी आधी नोझल, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या तोट्या काढल्या. चारपैकी दोन ठिपकत होती. ती बदलून आणायला रत्नागिरीला पाठवली, परत यायला पाच दिवस गेले. बसवल्यावर धूर गेला, रेस मात्र तशीच. तेव्हा 4 तारखेला सकाळी अंजर्ल्याच्या खाडीत तुमच्या बोटीवर मी पाच लिटरचा कॅन इंजिनापेक्षा वर टांगला आणि पारदर्शक नळीने थेट फीड पंपाला (टाकीतून डिझेल ओढणारा पंप) डिझेल दिलं. नळीतली हवा काढून इंजिन सुरू केलं. काटा 750 वर जो बसला तो पंधरा मिनिटं हलला नाही. म्हणजे पंप चांगला, रेस सांभाळणारा गव्हर्नर चांगला, दोष टाकीकडून येणाऱ्या लाइनमध्ये. मग तीच पारदर्शक नळी टाकीच्या लाइनला मध्ये जोडली. तीन-चार मिनिटांत तांदळाच्या दाण्याएवढे बुडबुडे एकामागून एक सरकताना दिसायला लागले. तुमच्या तांडेलाने डोळ्यांनी पाहिलेत.

तुम्ही लिहिलंय की कुठे थेंबभर डिझेल गळत नव्हतं, मग लाइनचा दोष कसा. दादा, टाकीपासून फीड पंपापर्यंत पंप डिझेल ओढून घेतो. तिथे फट असली तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. गळतं ते पंपाच्या पुढे. म्हणून ही फट हाताला ओली लागत नाही आणि शोधायलाच वेळ जातो.

इंजिनाकडचे सगळे तांब्याचे वायसर मी त्याच वेळी बदलले, क्लिपा आवळल्या. राहिला टाकीच्या कॉकवरचा. तो बर्फाच्या खणाच्या मागे आहे आणि त्याच सकाळी खण बर्फाने भरून झाला होता. मी म्हटलं, अर्धा खण रिकामा करा, आत्ता बदलून देतो. तांडेलाने तुम्हाला फोन लावला, फोन स्पीकरवर होता. "आता बर्फ काढत बसायचा नाही, मासेमारी सुरू होऊन आधीच चार दिवस गेलेत, सोड बोट," असं तुम्ही म्हणालात. (त्या चारातले दोन दिवस बंदरात वादळी हवेच्या इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा लागला होता, हेही खरं आहे.) तुमची घाई मला कळत होती, मी पुढे बोललो नाही. बिलावर पेनाने लिहिलं: "टाकीच्या कॉकचा वायसर राहिला." कार्बन कॉपी माझ्याकडे आहे.

नंतर टाकी फुल्ल झाली आणि आम्ही तासभर इंजिन चालवलं. काटा स्थिर. कारण भरल्या टाकीत डिझेलची पातळी पंपाच्या वर असते, ते आपसूक उतरतं, ओढावं लागत नाही. समुद्रात टाकी अर्ध्यावर आली, बोट हलायला लागली, पंपाला ओढावं लागलं आणि फटीने हवा घेतली. दुसरे मिस्त्री आले तेव्हा तुमचा खण रिकामा होता. त्यांच्या हाताला मी नावं ठेवत नाही, काम बरोबरच केलं त्यांनी. पण कुठला वायसर बदलायचा ते आधीच कागदावर लिहिलेलं होतं.

माझी चूक कुठे झाली तेही सांगतो. कॅन मी पहिल्याच दिवशी लावायला हवा होता, धूर बघून नोझलमागे गेलो. आणि टाकी खाली जाईल तेव्हा त्रास पुन्हा होऊ शकतो हे तुम्हाला फोनवर नीट समजावून सांगायला हवं होतं, नुसतं बिलावर लिहून भागत नाही. यापुढे कॅन आधी लावणार, आणि काम राहिलं असेल तर मालकाशी स्वतः बोलणार, जमेल तसं.

पैशांचं म्हणाल तर नोझलचे पैसे मी रत्नागिरीला दिलेत, ते परत करणं मला परवडणारं नाही. माझ्या मजुरीतले 1,000 मात्र कमी करतो.

आणखी एक. तुमच्या फिल्टरमधून निघालेलं डिझेल मी बाटलीत ठेवलंय, तळाला दोन बोटं पाणी आणि काळा बुळबुळीत गाळ आहे. पावसाळाभर बोट शाकारलेली होती तेव्हा टाकी अर्धी राहिली असणार, आत दव धरून ते पाणी झालं. टाकीचा तळ उपसून घ्यायला हवा, नाहीतर नवी नोझलही जातील. टाकी कमी असेल त्या दिवशी सांगा, मी येऊन करून देतो, त्याचे पैसे नकोत. जुनी नोझल पिशवीत घालून ठेवली आहेत, तीही घेऊन जा.