क्लचचं ऑइल आपोआप कमी होत नाही

जुनी गाडी चालवणाऱ्यांमध्ये एक सल्ला जोरात फिरतोय: 'क्लचचं ऑइल थोडं थोडं उतरणारच, प्लेट झिजते ना! गाडीखाली थेंब नसेल तर गळती नाही. बाटली डिकीत ठेवा आणि भरत राहा. फारच झालं तर गळती थांबवणारं औषध टाका, नाहीतर नुसतं रबर किट (गळती अडवणाऱ्या रबरी सीलांचा संच) बदला.' हे ऐकून चालढकल करणाऱ्यांचं पेडल एक दिवस भर रहदारीत खाली बसतं आणि वर येत नाही. म्हणून याला उत्तर द्यायला हवं.

पेडल दाबलं की मास्टर सिलिंडर ऑइल नळीतून स्लेव्ह सिलिंडरकडे ढकलतो आणि स्लेव्हचा पिस्टन रिलीज बेअरिंग रेटून क्लच सोडवतो. प्लेट झिजल्यानं ऑइल उतरतं हे ब्रेकवरून उचललेलं आहे. ब्रेकचे पॅड झिजले की पिस्टन बाहेर सरकतात, मागची जागा ऑइल भरून काढतं आणि पातळी उतरते. बहुतेक गाड्यांच्या क्लचमध्ये नेमकं उलटं घडतं. प्लेट पातळ झाली की प्रेशर प्लेटची (क्लचची प्लेट दाबून धरणाऱ्या भागाची) बोटं रिलीज बेअरिंगकडे सरकतात, ते स्लेव्ह सिलिंडरच्या पिस्टनला आत रेटतं आणि ऑइल टाकीत परत येतं. म्हणजे पातळी किंचित वाढायला हवी. ती उतरत असेल तर ऑइल कुठेतरी बाहेर जातंय. अपवाद एकच: टाकी ब्रेक आणि क्लचला सामाईक असेल तर पॅडची झीजही कारण असू शकते. पण मग ब्रेकची गळतीही असू शकते, त्यामुळे तपासणी टाळायला ते निमित्त होत नाही.

थेंब दिसत नाही म्हणजे गळती नाही, हे तर धोक्याचं. मास्टर सिलिंडरचं मागचं सील गेलं की ऑइल पुशरॉडवरून (पेडलला जोडलेल्या दांड्यावरून) केबिनमध्ये उतरतं आणि कार्पेट ते पिऊन टाकतं. पेडलच्या वर हात घालून पुशरॉडचं टोक चाचपा. त्याखालच्या पत्र्याचा रंग फुगलाय का पाहा, कारण हे ऑइल रंग खातं. बाहेरच्या स्लेव्हचं रबरी बूट (आवरण) हलकेच उचला. आत ओल असेल तर सील गेलं. स्लेव्ह बेल हाउसिंगच्या (क्लच झाकणाऱ्या कवचाच्या) आत असेल तर ऑइल तळाशी झिरपतं आणि गिअर ऑइल म्हणून दुर्लक्षित राहतं. अशा वेळी एक थेंब पाण्यात सोडा. नेहमीचं डॉट ३ किंवा डॉट ४ (ब्रेक-क्लचच्या ऑइलचे प्रकार) पाण्यात विरघळतं; इंजिन वा गिअरचं ऑइल तरंगतं.

आणि एक प्रकार असा की पातळीही उतरत नाही. मास्टरचा आतला कप (पिस्टनवरचं रबरी सील) झिजला की दाब सिलिंडरच्या आतच निसटतो. सपाट, मोकळ्या जागी हँडब्रेक लावून, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून इंजिन चालू करा आणि पेडल मिनिटभर दाबून धरा. ते हळूहळू खाली जात असेल, किंवा त्यानंतर रिव्हर्स टाकताना करकर होत असेल, तर प्लेटला दोष देण्याआधी मास्टर उघडा.

औषधाचं थोडक्यात सांगतो: टाकू नका. ते रबर फुगवतं, आणि फक्त गळक्या सीलचं नाही, चांगल्या सीलचंही. डॉट ऑइलच्या यंत्रणेत खनिज तेल पडलं तरी हेच होतं. टाकीच्या झाकणावर जे लिहिलंय तेच भरा.

किट बदलणं चूक नाही, पण आधी सिलिंडरची आतली भिंत पाहा. डॉट ऑइल हवेतली ओल शोषतं, त्या पाण्यानं भिंतीला गंजाचे खड्डे पडतात आणि खडबडीत भिंत नवा कप लवकरच कापते. खड्डे दिसले तर अख्खा सिलिंडर बदला. मी तर मास्टर आणि बाहेरचा स्लेव्ह एकदमच बदलायला सांगेन. नव्या मास्टरचा पूर्ण दाब आला की थकलेला स्लेव्ह बरेचदा हार मानतो.

हे सगळं लांबवायचं तर साधारण 2 वर्षांनी ऑइल बदला. ब्रेकचं बदलताना क्लचची नळी हमखास विसरली जाते. जुन्या मास्टरची हवा काढताना (ऑइल बदलल्यावर आत अडकलेली हवा पेडल दाबून बाहेर काढतात) पेडल तळापर्यंत रेटू नका, एरवी न वापरल्या जाणाऱ्या गंजक्या भागावर कप घासला जातो. आणि स्लेव्ह बेल हाउसिंगच्या आत असेल, तर प्लेटसाठी गिअरबॉक्स उतरवलाच आहे तेव्हा तोही नवा घाला, कोरडा दिसला तरी.