आत्याचं मशीन बेकायदेशीर नाही

रविवारी सकाळी सव्वासातला आत्याचा फोन. "अगं, माझं मशीन बंद झालंय का? म्हणजे कायद्याने?"

आत्या कोथरूडला एकटी राहते. वय बहात्तर, दमा आहे. तिचा बॅगवाला व्हॅक्यूम क्लीनर चौदा वर्षं चालतोय. एकदा मोटरचे कार्बन बदलले, एकदा नळी, बास. दिवाळीची साफसफाई तोंडावर असताना सोसायटीच्या ग्रुपवर तिला एक फॉरवर्ड आला : "बॅगवाले व्हॅक्यूम क्लीनर आजच भंगारात द्या!!" पुढे सात मुद्दे आणि शेवटी, अर्थातच, बॅगलेस म्हणजे पिशवीऐवजी डब्यात धूळ साठवणाऱ्या मशीनच्या ऑफरची लिंक. तोच मेसेज मला त्याच आठवड्यात आणखी दोघांनी पाठवला. भंगारवाल्याला हाक मारण्याआधी आत्याने मला फोन केला, एवढं नशीब.

माझ्या घरी बॅगलेस आहे, हे आधीच सांगते. म्हणजे पिशवीवाल्यांची वकिली करायला मी बसलेली नाही.

आत्या ज्याने घाबरली तो मुद्दा आधी घेते. "२०१८ साली युरोपच्या कोर्टाने बॅगवाल्या मशीनवर बंदी घातली." साफ खोटं. पण हे खोटं कुठून उगवलं ते शोधताना मजा आली. युरोपीय संघाने सप्टेंबर २०१४ पासून व्हॅक्यूम क्लीनरवर वीजबचतीचं लेबल सक्तीचं केलं, आपल्याकडे फ्रिजवर तारे असतात त्या जातीचं. त्यासाठीची चाचणी रिकाम्या पिशवीवर किंवा रिकाम्या डब्यावर व्हायची. बॅगलेस मशीन बनवणारी डायसन कंपनी याविरुद्ध कोर्टात गेली. घरात कोण रोज कोरी पिशवी लावून झाडतं, असा त्यांचा सवाल. २०१५ मध्ये ते हरले, अपिलात गेले, वरच्या कोर्टाने प्रकरण परत पाठवलं, आणि ८ नोव्हेंबर २०१८ला युरोपीय संघाच्या जनरल कोर्टाने त्यांचं म्हणणं मान्य करून लेबलचा नियमच रद्द केला. जानेवारी २०१९पासून लेबल गेलं. बॅगा जशा विकल्या जात होत्या तशाच विकल्या जाताहेत. लिफ्टमधली सूचना फाडली म्हणून लिफ्टवर बंदी आली असं कोणी म्हणेल का? फॉरवर्डवाल्यांनी म्हटलं.

बंदीच हवी असेल तर ती वेगळीच आहे. सप्टेंबर २०१७पासून तिकडे ९०० वॉट किंवा त्याहून जास्त वीज खाणारी साधी घरगुती मशीनं बाजारात आणता येत नाहीत. पिशवी असो की डबा, दोघांनाही तोच नियम. त्यामुळे "२००० वॉट म्हणजे दमदार सक्शन" हा मुद्दाही इथेच निकालात निघाला. वॉट म्हणजे मशीन खातं ती वीज. ओढतं किती, हे त्यावरून कळत नाही.

तो नियम, क्रमांक ६६६/२०१३, मी बसून वाचला. आत्याच्या कामाचा भाग त्यात टिकाऊपणाचा आहे. मोटर किमान ५०० तास चालली पाहिजे आणि नळी ताण देऊन ४०,००० वेळा वाकवल्यावरही वापरण्याजोगी राहिली पाहिजे. पिशवीवाल्याला एक आकडा आणि डबेवाल्याला दुसरा, असं कुठेही नाही. "बॅगलेस दुप्पट टिकतं" हा मुद्दा क्रमांक दोन कोणत्या आधारावर लिहिला, ते लिहिणाऱ्यालाच माहीत. आत्या रविवारी अर्धा तास मशीन फिरवते. वर्षाचे २६ तास, चौदा वर्षांचे ३६४. तिचं मशीन काही त्या नियमात बसवून बनवलेलं नाही, पण मापाचा अंदाज यावा म्हणून सांगते : ५०० तास भरायला तिला अजून सव्वापाच वर्षं लागतील.

त्याच नियमात मोटरची चाचणी कशी घ्यायची तेही दिलंय. धुळीचं पात्र अर्धं भरलेलं ठेवायचं, साडेचौदा मिनिटं चालू, अर्धा मिनिट बंद, आणि पात्र व फिल्टर योग्य अंतराने बदलत राहायचं. फिल्टर बदलत राहायचं. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण आता मला सगळ्यात जास्त राग आलेला मुद्दा येतोय.

"बॅगलेसमध्ये लाइफटाइम फिल्टर असतो, महिन्यातून एकदा नळाखाली धरा, पाच मिनिटं हेअर ड्रायर मारा, लगेच लावा, देखभाल शून्य."

लाइफटाइम कोणाचा? फिल्टरचा स्वतःचा असेल तर बरोबर आहे, मेणबत्तीही लाइफटाइमच चालते.

डबेवाल्या मशीनमध्ये हवा गरगर फिरते, जड कचरा कडेला फेकला जाऊन खाली बसतो. केस, वाळू, पोह्याचे दाणे यांच्यासाठी उत्तम. पण अगदी बारीक धूळ हवेबरोबर तशीच पुढे जाते आणि तिला अडवायला मोटरच्या आधी फिल्टर लागतोच. ज्या जेम्स डायसन यांनी ५,१२७ नमुने बनवून असं मशीन उभं केलं आणि १९९३मध्ये ब्रिटनमध्ये विकायला आणलं, त्यांच्या कंपनीची आजची मशीनंही फिल्टर धुवायला सांगतात आणि किमान २४ तास वाळवायला सांगतात. स्वस्तातल्या बॅगलेसमध्ये तर हवेचं हे गरगरणारं चक्रीवादळ नावापुरतंच असतं. एक डबा, एक जाळी आणि सगळा भार बिचाऱ्या फिल्टरवर.

फिल्टर तुंबला की सक्शन कमी होतं, हे सगळ्यांना कळतं. त्याहून वाईट जे होतं ते दिसत नाही. साध्या घरगुती मशीनमध्ये जी हवा धूळ ओढते तीच पुढे मोटरवरून जाऊन तिला गार करते. हवा अडली की मोटर तापते. आणि फिल्टर ओला असेल तर त्यावर बसलेल्या धुळीचा चक्क चिखल होतो.

हे मी ऐकीव सांगत नाही, कारण हा उद्योग मी स्वतः केलाय. जुलै महिना, बाहेर पाऊस, धुवून खिडकीत ठेवलेला फिल्टरचा स्पंज दुसऱ्या दिवशी हाताला कोरडा लागला म्हणून लावला. आतून तो ओलाच होता. दहा मिनिटांत घरभर कुबट वास, मग मशीन आपोआप बंद. रिपेअरवाल्याने उघडून दाखवलं, आत राखाडी लिंपण. तो म्हणाला, "ताई, पावसाळ्यात एक जास्तीचा फिल्टर ठेवायचा, नाहीतर तीन दिवस मशीनला हात लावायचा नाही." ड्रायरचं विचारल्यावर तो नुसता हसला. गरम हवेने स्पंज आकसतो आणि घडीच्या फिल्टरचा डिंक सुटतो. घडीचा हेपा फिल्टर, म्हणजे अगदी बारीक धूळ अडवणारा, तर त्यावर 'धुता येतो' असं लिहिलेलं असल्याशिवाय पाण्याखाली धरायचाच नाही. धुतलेला दिसायला स्वच्छ दिसतो, धूळ मात्र आरपार सोडतो.

याच मुद्द्याच्या शेपटीला लिहिलंय की बॅगलेसने "रांगोळी, पीठ, पीओपीचा भुगा, काहीही ओढा". दिवाळीच्या तोंडावर हा सल्ला! रांगोळी म्हणजे दळलेला दगड. फिल्टर महिनाभरात जेवढा तुंबतो तेवढा एका पाडव्याच्या सकाळची रांगोळी तुंबवून टाकते. पिशवीची छिद्रंही त्याने बुजतात, नाही असं नाही, पण पिशवी फेकून देता येते. रांगोळी झाडूनेच भरा.

आता जे खरं आहे ते. पिशवी भरत गेली की ओढ कमी होते, आणि कागदी पिशवीत तर ते चांगलंच जाणवतं. डायसनचा कोर्टातला सवालही याच्याशीच जोडलेला होता. कापडासारख्या दिसणाऱ्या अनेक पदरी सिंथेटिक पिशव्या यात बऱ्या असतात. दुसरं, आपल्याकडे कित्येक 'बॅगवाल्या' मशीनबरोबर झटकून परत वापरायची कापडी पिशवी मिळते. तिच्याबद्दल मात्र मी एक शब्दही चांगला बोलणार नाही. बाल्कनीत ती झटकणं म्हणजे ओढलेली धूळ खालच्या मजल्याला आणि स्वतःच्या नाकाला परत करणं. आणि पिशव्या विकत आणाव्या लागतात, हेही खरं. माझ्या मॉडेलच्या पिशव्या मिळेनात म्हणून तर मी बॅगलेसकडे वळले.

पण मग फॉरवर्डमध्ये खर्चाच्या रकान्यात बॅगलेसपुढे "शून्य" कसं? फिल्टर बदलायचा खर्च, जास्तीच्या फिल्टरचा खर्च कोण देणार, ग्रुप ॲडमिन?

"बॅगमध्ये जंतू वाढतात." ओलं ओढलंत तर वाढतील, डब्यातही वाढतील. पुढे.

"दमेकऱ्यांसाठी बॅगलेसच." हे वाचून मी फोनवरच ओरडले. डबा उघडून केराच्या बादलीत उपडा करताना जो ढग उठतो तो एकदा उन्हाच्या तिरिपेत बघा. पिशवीचं तोंड बंद करून ती तशीच टाकता येते. व्हॅक्यूम क्लीनरच्या इतिहासातच एक दमेकरी आहे. अमेरिकेतल्या ओहायोत जेम्स मरे स्पँग्लर नावाचा सफाई कामगार होता. झाडताना उडणाऱ्या धुळीने त्याचा दमा उसळायचा, म्हणून त्याने पंखा, दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून यंत्र केलं. १९०८मध्ये त्याला पेटंट मिळालं. तो अभ्रा म्हणजे पिशवीच.

उरलेला मुद्दा मशीनच्या रंगाबद्दल होता. तो सोडते.

आत्याला सांगितलंय : मशीन ठेव, मोटरपुढचा छोटा फिल्टर काढून बघ, काळा झाला असेल तर नवा आण, कापडी पिशवी असेल तर फेक, आणि तळाच्या चिकटपट्टीवरचा मॉडेल नंबर मला पाठव, त्या मापाच्या पिशव्या मी मागवते. नंबरचा फोटो दुपारी आला, तिरका पण वाचता येण्यासारखा.

"आणि तो मेसेज डिलीट कर," मी म्हटलं.

"करते की. पण तो मी भिशीच्या ग्रुपवर टाकला होता सकाळी. तुला फोन करायच्या आधी."

भिशीत अकरा जणी आहेत. त्यातल्या एकीने भंगारवाल्याला मंगळवारी बोलावलंय म्हणे. आत्या, हे आधी तिला पाठव.