२८ हा आकडा आला कुठून? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार. पानफिलोव डिव्हिजनवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंय की २८ वीरांची गोष्ट (नोव्हेंबर १९४१मध्ये मॉस्कोजवळच्या दुबोसेकोवोला या डिव्हिजनच्या २८ जणांनी जर्मन रणगाडे अडवत प्राण दिले, ही) ही शुद्ध सोव्हिएत थाप आहे, आणि थापेवर मोठी झालेली डिव्हिजन थोर कशी म्हणायची? शिवाय कझाक लोकांना मी सरसकट रशियन करून टाकलंय, हेही सुनावलंत.

दुसरा मुद्दा आधी घेतो, कारण तिथे मी सरळसरळ चुकलोय. पानफिलोवांची ही डिव्हिजन, म्हणजे ३१६वी रायफल डिव्हिजन, १९४१च्या जुलैत कझाकस्तानातल्या अल्मा-अताला उभी राहिली. कझाक, किरगीझ, रशियन, युक्रेनी अशी सगळी माणसं तिच्यात होती. तिचे कमांडर मेजर जनरल पानफिलोव स्वतः रशियन, पण त्याआधी ते किरगिझियाचे लष्करी कमिसार (सैन्यभरती बघणारे अधिकारी) होते. शीर्षकात 'रशियन शिपाई' लिहिणं हा निव्वळ आळस.

आता थापेचं. थाप आहेच, मान्य. पण ती कुणी मारली ते बघा. 'क्रास्नाया झ्वेज्दा' या लष्करी दैनिकाचा बातमीदार कोरोतेयेव आघाडीवरून परतला. संपादकांनी विचारलं, लढलेल्या कंपनीत माणसं किती होती? तो म्हणाला, असतील तीस-चाळीस. त्यातले दोघे फितूर निघाले, असंही त्याने सांगितलं. तीस वजा दोन, अठ्ठावीस! दुबोसेकोवोचा खंदक बातमीदार आणि संपादक यांपैकी एकानेही पाहिला नव्हता. पुढे त्याच दैनिकाच्या क्रिवित्स्कीने त्यावर लेख चढवला. 'रशिया अफाट आहे, पण मागे हटायला जागा नाही, पाठीशी मॉस्को आहे' हे कंपनीचा पोलित्रुक (राजकीय अधिकारी) क्लोच्कोव याच्या तोंडचं वाक्य आपणच रचलं, अशी कबुली त्याने नंतर चौकशीत दिली. १९४२च्या जुलैत अठ्ठावीसही जणांना 'सोव्हिएत संघाचा वीर' हा किताब 'मरणोत्तर' मिळाला. त्यातले काही जिवंत होते ही आणखी पंचाईत.

१९४७ मध्ये दोब्रोबाबिन नावाच्या इसमाला अटक झाली. जर्मनांच्या ताब्यातल्या गावात त्याने त्यांच्या पोलिसात नोकरी केली होती. झडतीत त्याच्याकडे अठ्ठावीस वीरांवरचं पुस्तक सापडलं, आणि त्या वीरांत त्याचंही नाव! तिथून लष्करी अभियोक्त्यांची चौकशी सुरू झाली. मे १९४८चा तो अहवाल वर गेला आणि दाबला गेला.

तुम्ही ज्याच्या जोरावर 'सिद्ध झालंय' म्हणता, तो हाच कागद. पण तो अर्ध्यावर सोडू नका. त्यात डिव्हिजनच्या १०७५व्या रेजिमेंटचा कमांडर काप्रोव याची जबानी आहे. अठ्ठावीस जणांची लढाई झालीच नाही, असं तो ठणकावून सांगतो. लगेच पुढे म्हणतो, त्या दिवशी, म्हणजे १६ नोव्हेंबरला, तिथे अख्खी चौथी कंपनी लढली आणि खरोखर शौर्याने लढली. तिचे शंभरावर लोक मेले, २८ नव्हे. त्याच्या हिशोबाने कंपनीत होते १२० ते १४०, उरले वीस-पंचवीस. म्हणजे पेपरवाल्यांनी वीर वाढवले नाहीत राव, मेलेले कमी केले! थाप म्हणून सगळंच मोडीत काढलं, तर या शंभरांना दुसऱ्यांदा गाडल्यासारखं होईल.

आणि डिव्हिजनचं नाव काही त्या लेखाने झालेलं नाही. ऑक्टोबरात मॉस्कोच्या वाटेवरच्या व्होलोकोलाम्स्क शहरापाशी जनरल रोकोसोव्स्कींच्या १६व्या आर्मीत तिला जवळजवळ ४१ किलोमीटरची आघाडी दिली होती. नियमाने एका डिव्हिजनला फार तर बारा. एवढ्या लांबीवर सलग खंदक शक्यच नव्हते, म्हणून पानफिलोवनी रस्ते धरले: रणगाडे येतील त्या वाटांवर तोफा आणि सुरुंग, मधली जागा मोकळी. व्होलोकोलाम्स्क २७ ऑक्टोबरला पडलं, पण तिथवर यायलाच जर्मनांचे दिवसांमागून दिवस गेले होते. तोवर तिकडे बर्फाचा चिखल झालेला.

१८ नोव्हेंबरला ३१६वीला 'गार्ड्‌स'चा (पराक्रमी तुकड्यांना दिला जाणारा) मान मिळून ती ८वी गार्ड्‌स झाली. त्याच दिवशी गुसेनेवो गावात उखळी तोफेच्या गोळ्याच्या तुकड्याने पानफिलोव गेले. क्रिवित्स्कीचा पहिला लेख छापून आला २८ नोव्हेंबरला, त्यानंतर दहा दिवसांनी. तेव्हा कोण कुणावर उभं होतं, ते तारखांवरूनच बघा.

शीर्षकातला 'रशियन' काढलाय. फोटोखाली मीही बेधडक 'अठ्ठावीस वीर' लिहून बसलो होतो; तिथे आता 'चौथी कंपनी' आहे.