"मामा, हा डिपर आहे"

आज संध्याकाळी भाचा गाडी घेऊन दारात आला. "मामा, पोर्चमधला दिवा जरा बंद कर." केला. गाडीचं तोंड कंपाउंडच्या भिंतीकडे करून त्यानं हेडलाइट लावले आणि दिवाळीच झाली हो. भिंत दिसलीच, पण भिंतीपलीकडच्या घराची गच्ची दिसली, गच्चीवरची पाण्याची टाकी दिसली, टाकीवरची अक्षरंसुद्धा वाचता आली. शेजारच्या काकू गॅलरीत येऊन ओरडल्या, "कोण रे लाइट मारतंय?" आणि आमचे चिरंजीव खुशीत. ऑनलाइन मागवलेले एलईडी बल्ब, 1,800 रुपये जोडी, खोक्यावर छापलंय 20,000 लुमेन, लुमेन म्हणजे उजेडाचं माप.

लांबवर जाणारा झोत तो अप्पर, समोरून कुणी आलं की लावायचा खाली पडणारा तो डिपर. मी विचारलं, "हा अप्पर आहे ना?"

"नाही मामा, हा डिपर आहे."

तिथं माझं डोकं फिरलं. पोराला जरा जास्तच बोललो, ताईचाही फोन येऊन गेला. पण हे वाक्य मी स्वतः एकदा छाती काढून म्हटलेलं आहे, आणि ते ज्याला म्हटलं तो माणूस अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

2010 चा जानेवारी. सेकंडहँड गाडी घेतली होती आणि मित्रांचं ऐकून तिला एचआयडी किट बसवलं होतं, म्हणजे तारेऐवजी गॅसच्या नळीचे प्रखर दिवे. 8,000 केल्विनचं, म्हणजे निळसर उजेडाचं. तेव्हा ती फॅशन होती, हसू नका, तुमच्यातल्या दोघांनी माझ्याबरोबरच बसवलंय. पाहुण्यांना नीरा स्टेशनला सोडायला पहाटे चारला बारामतीतून निघालो. हंगाम जोरात होता. पणदऱ्याच्या पुढे समोरून कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या बैलगाड्यांची रांग आली. आधी नुसते बैलांचे डोळे चमकले. मग पहिल्या गाडीचे बैल जागच्या जागी थबकले, मान फिरवून बाजूला ओढायला लागले आणि चाक साइडपट्टीवरून खाली गेलं. गाडी कलली, मोळ्या घसरल्या. वर उसावर वाकळ पांघरून एक बाई बसली होती, मांडीवर लेकरू.

कुणाला लागलं नाही. एका बैलाचा गुडघा खरचटला तेवढाच. गाडीवान खाली उतरून माझ्या खिडकीशी आला. शिवी नाही, काही नाही. म्हणाला, "मालक, डिपर मारायचा की हो. जनावराला दिसंना झालं."

आणि मी? मी म्हणालो, "अहो, डिपरच आहे!"

त्यानं एकदा गाडीच्या लाइटकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "ह्यो डिपर?" एवढंच बोलला आणि बैलांकडे गेला.

आता हे नीट समजून घ्या, कारण माझ्या भाच्याला ते समजलेलं नाही आणि मलाही तेव्हा समजलं नव्हतं. मी खोटं बोलत नव्हतो. बटण डिपरवरच होतं. पण एच-फोर म्हणतात त्या साध्या हॅलोजन बल्बमध्ये दोन तारा असतात, अप्परची वेगळी, डिपरची वेगळी. डिपरच्या तारेखाली पत्र्याची इवलीशी वाटी असते. ती वाटी खाली जाणारा उजेड अडवते, म्हणून रिफ्लेक्टरचा खालचा भाग अंधारात राहतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत जाणारा झोत मुळात तयारच होत नाही. ती तार कुठे असावी, वाटी किती असावी, हे मिलिमीटरच्या हिशेबात ठरलेलं असतं आणि रिफ्लेक्टरचा आकार त्या तारेभोवती घडवलेला असतो. तिथं तुम्ही एचआयडीची नळी नाहीतर एलईडीच्या चिपा ठोकल्या की तो हिशेब गेला. उजेड वाट्टेल तिकडे फेकला जातो. रस्त्यावर कमी, आंब्याच्या झाडांवर जास्त.

म्हणून त्या भिंतीकडे बघायला शिका. चांगल्या डिपरची भिंतीवर एक रेघ दिसते, वर अंधार, खाली उजेड, आणि रेघेचं डावं टोक जरा वर चढलेलं. आपण डावीकडून चालतो, म्हणून डाव्या कडेचा माणूस दिसावा आणि उजवीकडून येणाऱ्याचे डोळे वाचावेत. इतका बारीक विचार केलेला आहे कुणीतरी. भाच्याच्या भिंतीवर रेघ नव्हतीच. टाकी होती.

आणि ते 20,000 लुमेन! साध्या 60/55 वॉटच्या (अप्पर 60, डिपर 55) बल्बचा डिपर 1,000 लुमेनच्या आसपास असतो. आकड्यावर शून्य वाढवायला छापखान्याचे जास्त पैसे पडत नाहीत.

हो, मान्य, कंपनीकडून येणारे हॅलोजन कितीतरी गाड्यांत समईसारखे असतात. पावसाळ्यात तर लावलेत की नाही ते उतरून बघावं लागतं. हेही मान्य, की आपल्या रस्त्यांवर ना पट्टे, ना दिवे, आणि उसाची ट्रॉली मध्येच बंद पडून उभी. ट्रॅक्टरला पुढे अख्खी वरात, निळे-हिरवे दिवे, गाणी, आणि मागे साधा रिफ्लेक्टर नाही! अशा ट्रॉलीखाली गेलेली माणसं आपल्या सगळ्यांच्या ओळखीत आहेत. त्यामुळे उजेड जास्त हवा हे पोराचं म्हणणं चूक नाही. तो एमआयडीसीत रात्रपाळी करतो, दोनला सुटतो. ताई तो येईपर्यंत जागी असते.

पण मग आधी काच बघ ना बाबा. पिवळी पडलेली प्लास्टिकची काच पॉलिश करून घे, निम्मा उजेड तिथं अडकतो. मेकॅनिककडून फोकस सेट करून घे. स्टिअरिंगच्या बाजूला 0 ते 3 आकड्यांचं चाक असतं, ते कशाला असतं हे किती जणांना माहीत आहे? मागे चार माणसं आणि बटाट्याचं पोतं टाकलं की गाडीचं नाक वर जातं, तेव्हा ते चाक फिरवून झोत खाली आणायचा असतो. लोकांना वाटतं एसीचं काहीतरी आहे.

आधीच्या पिढीत 100/90 चे बल्ब टाकायचे, तेही धुतल्या तांदळाचे नव्हते. पण तेव्हाचा मिस्त्री निदान विचारायचा, रिले टाकायचा का? रिले म्हणजे बल्बचा करंट स्विचमधून न नेता परस्पर देणारा खटका. नाही टाकला तर सगळा करंट स्विचमधून जाणार, होल्डर वितळणार, जळकट वास येणार. आणि हेडलाइटच्या वरच्या भागाला काळा रंग लावलेल्या गाड्या आठवतात का? समोरच्याच्या डोळ्यांची काळजी चक्क ब्रशनं रंगवलेली असायची. ट्रकवाले लांबूनच अप्पर-डिपर करून एकमेकांना वाट द्यायचे. आता समोरच्यानं दोनदा डिपर मारला की आपले लोक उलट चारदा मारतात. तुझ्यापेक्षा माझा मोठा.

हायवेला दुभाजकात कण्हेर लावतात ती समोरचा झोत अडवायलासुद्धा असते. नीरा रस्त्याला त्या पहाटे कसली कण्हेर? मध्ये काही नाही. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला बैल.

कुणी म्हणेल, कंपनीतूनच एलईडी घेऊन येणाऱ्या उंच एसयूव्ही काय कमी त्रास देतात? देतात. परवाच एकीमुळे मी गाडी कडेला घेऊन थांबलो. वय झालं की डोळ्यांपुढचा तो पांढरा डाग लवकर जात नाही, हे चाळिशीतल्यांना आत्ता कळणार नाही, थांबा जरा. पण शेजाऱ्याची मोरी तुंबली म्हणून आपण आपली रस्त्यावर सोडतो का?

एक गोष्ट मघाशी सांगायची टाळली. त्या पहाटे मी चार-पाच मोळ्या उचलून दिल्या, आणि मग पाहुण्यांची गाडी चुकेल म्हणून निघालो. मागच्या गाड्यांवरची माणसं येऊन चाक वर काढत होती. ती बाई लेकराला घेऊन थंडीत रस्त्याच्या कडेला उभी होती. मी निघालो तो तेच लाइट लावून, पुढच्या सगळ्या रांगेच्या डोळ्यांत मारत. दुसरे होते कुठे? एकेक गाडीवान हात आडवा धरत होता, आणि मी मोजत होतो, की रांग संपते कधी.

किट त्याच आठवड्यात काढलं. कुणाला कारण सांगितलं नाही, बॅलास्ट, म्हणजे त्या नळीला करंट देणारा डबा, खराब झालं म्हणालो.

हे लिहीत असतानाच भाच्याचा फोन आला. राग उतरलेला. म्हणाला, "मामा, जुने बल्ब दुकानदारानं ठेवून घेतले, आता काय करू?" म्हटलं दोन-दोनशेला नवे मिळतात, सकाळी घेऊन ठेवतो, तू पाळी संपवून ये. मग आठवलं, तो आज रात्री त्याच लाइटवर दोन वाजता घरी येणार आहे, आणि आत्ता हंगाम चालू आहे.

त्याला परत फोन लावतोय. आज बाइक घेऊन जा म्हणावं.